मेलेलं थापट्या बदक बर्ड फ्लूसाठी तपासायला भोपाळला कशाला?

येरळाकाठ
राम राम मंडळी. येरळवाडी तलावाच्या खालच्या अंगाला आमचं लेअरचं, म्हणजे अंड्याच्या कोंबड्यांचं, शेड आहे. थंडीत पट्टकदंब, चक्रवाक उतरतात, पुण्या-मुंबईची माणसं कॅमेरे घेऊन येतात, बरं वाटतं. परवा काठाला एक थापट्या मरून पडलेला. पशुसंवर्धनवाले पांढरे सूट घालून आले, घशात आणि मागं काडी फिरवली, नळीत बुडवून बर्फाच्या डब्यात घातली. म्हणाले, पुणे, तिथनं भोपाळ. आता तिथं करतात काय? इकडं व्यापाऱ्यानं भाव पाडायला निमित्तच शोधलंय. कुणी म्हणतं, कोंबडीच्या अंड्यात टोचतात. मग आमची न्या की, ट्रे पडूनच आहेत!

जुना_पशुवैद्य, विटा
तुमची चालत नाहीत, दादा. पिंजऱ्यातल्या लेअरला कोंबडा कुठला? अंड्यात जीवच नाही. लागतं ते नऊ ते अकरा दिवस उबवलेलं अंडं, तेही लस न टोचलेल्या, रोगमुक्त राखलेल्या कोंबडीचं. लासोटा ही मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस दिलेल्या कोंबडीची प्रतिपिंडं बलकात उतरतात, मग नमुन्यात मानमोडीचा विषाणू असला तर तिथंच दबायचा.

अंडं उजेडावर धरून हवेची पोकळी पेन्सिलीनं आखायची, तिथनं सुई. काही दिवस उबवून आतलं पाणी काढायचं आणि त्यात कोंबडीच्या धुतलेल्या लाल पेशी घालायच्या. विषाणू नसेल तर पेशी प्लेटच्या खळग्याच्या तळाशी ठिपका होऊन बसतात, प्लेट तिरकी केली की ओघळतात. असेल तर दुधावर साय धरावी तशा पसरतात. मात्र मानमोडीतही अशीच साय धरते, म्हणून खात्री पीसीआरनं, म्हणजे विषाणूची जनुकं ओळखणाऱ्या चाचणीनं: आधी फ्लू आहे का, मग त्याचं कूळ एच५ का एच७. कोंबड्या झपाट्यानं मारणारे प्रकार या दोनच कुळांतले.

हा जिवंत विषाणू वाढवायला गाळलेली हवा, अंघोळ करूनच बाहेर पडणं, असली कडक व्यवस्था लागते. ती भोपाळच्या पशुरोग संस्थेत आहे.

सांगलीची_पाखरवेडी
२०२० च्या डिसेंबरात हिमाचलात पोंग धरणावर पट्टकदंबच जास्त मेले, एच५एन१ निघाला. पण दादा, पाखरांना दोष देऊ नका. २००६ साली देशातली पहिली साथ नवापूरच्या पोल्ट्रीत सापडली होती.

येरळाकाठ
दोष नाही हो ताई. पण शेडला पाणी तलावाचंच आहे.

जुना_पशुवैद्य, विटा
आजच बंद करा! धडधाकट दिसणारं बदकही विष्ठेतनं विषाणू टाकतं आणि थंड पाण्यात तो आठवडे टिकतो. बोअरचं द्या, क्लोरीन घालून. फक्त लासोटा पाण्यातनं पाजायच्या आदल्या दिवसापासनं क्लोरीन बंद, नाहीतर लसच मरेल.