कंपनी बदलली, मग घरातलं वायफाय परत कसं बसवलंत? अनुभव लिहा

पौडरोडवाली

जुन्या केबलवाल्याचं इंटरनेट काढून आम्ही फायबर घेतलं. लाईन यायला वेळ लागलाच नाही, दोन पोरं आली, डक्टमधून वायर ओढली, लाल दिवा जाऊन हिरवे लागले, "मॅडम चालू झालं, ओटीपी सांगा" आणि गेली पण. खरं काम त्यानंतर. टीव्ही, सासूबाईंचा टॅब, प्रिंटर, दारावरचा कॅमेरा, सगळे ठप्प, कारण नवीन वायफायचं नाव कुणालाच माहीत नाही.

मी एवढंच केलं की राउटरच्या पोटाखालच्या स्टिकरवर जो पत्ता असतो (आमचा १९२.१६८.१.१) तो ब्राउझरमध्ये टाकून आत गेले आणि वायफायचं नाव, पासवर्ड जुनाच ठेवला, अक्षर न अक्षर, कॅपिटल-स्मॉल सकट. पाच मिनिटांत एकेक करून सगळे आपोआप आले. फक्त प्रिंटर अडून बसला. वायफायची सिक्युरिटी डब्ल्यूपीए३ या नवीन पद्धतीवर होती, जुनी डब्ल्यूपीए२ केल्यावर तोही आला. ॲडमिनचा पासवर्ड मात्र लगेच बदला, तो स्टिकरवर छापलेला असतो, घरात येणारा कुणीही वाचेल.

तुमच्याकडे कुठे अडलं, कसं सुटलं, लिहा. दोन ओळी चालतील, पुराण पण चालेल.

तिसरामजला

हे जुनं नाव ठेवायचं भारी आहे. आमच्या चिरंजीवांनी हौसेने नवीन नाव ठेवलं, आता घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो आणि ते स्पेलिंग सांगता सांगता चहा गार होतो.

कल्याणपूर्व

माझं सांगणं एकच, डबा (फायबरची वायर ज्यात येते आणि जो वायफाय देतो तो) कुठे लावायचा ते लाईनमन यायच्या आधी ठरवून ठेवा. त्यांना मेन दरवाज्याच्या वर लावायला आवडतं, वायर वाचते ना. तिथून मागच्या बेडरूमपर्यंत दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट, पाच गिगाहर्ट्झ (वायफायची वेगवान पण कमी अंतर जाणारी पट्टी) तिकडे पोचतच नाही. आम्ही हट्ट करून हॉल आणि पॅसेजच्या मधल्या कोपऱ्यात उंचावर लावून घेतला. वायर जास्त लागली त्याचे वरचे पैसे मागितले, दिले.

दुसरं म्हणजे आमचा लाल दिवा काही जाईना. लाईनमन जिन्यातच मांडी घालून बसला, वायर सोलली, केसाएवढी काच स्पिरिटने पुसली, कटरने कापली, हिरव्या तोंडाचा कनेक्टर बसवला आणि वायरमधून उजेड किती येतो ते मोजणाऱ्या छोट्या मीटरला लावली. उणे २९ डीबीएम, आकडा शून्यापासून जितका लांब तितका उजेड कमी. परत कापली, तेच. मग घरात येऊन बघतो तर शोकेसच्या मागे वायर काटकोनात दाबलेली! ती मोकळी करून गोलाईत फिरवली, उणे १९ आला आणि दिवा हिरवा. तो म्हणाला उणे २७ च्या पलीकडे गेलं की लाईन लटकते. तेव्हा फर्निचर सरकवताना त्या पांढऱ्या वायरकडे लक्ष असू द्या, तांब्याच्या वायरसारखी ती कशीही वाकवून चालत नाही.

नाशिकरोडचा

आमच्याकडे गीझर, दोन बल्ब आणि एक प्लग वायफायवर चालतात. जुना राउटर दोन वेगवेगळी नावं दाखवायचा, नवीन राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही एकाच नावाखाली देतो. हे स्वस्तातले बल्ब-प्लग फक्त २.४ वाले असतात, फोन मात्र ५ वर बसलेला, मग ॲप गोल गोल फिरतं आणि "डिव्हाइस सापडलं नाही" म्हणतं. रविवार सकाळ गेली त्यात, बायको म्हणाली आधी पाणी तापवायची सोय बघा मग स्मार्ट व्हा. शेवटी राउटरमध्ये जाऊन ५ गिगाहर्ट्झ तात्पुरतं बंद केलं, सगळ्या वस्तू जोडल्या, परत चालू केलं. नंतर काही त्रास नाही.

सांगलीमिरज

सीसीटीव्हीवाल्यांनी हे नीट वाचा. आमचं दुकान खाली, घर वर, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारी पेटी) घरच्याच नेटवर. जुना राउटर १९२.१६८.०.१ वाला आणि डीव्हीआरला हाताने १९२.१६८.०.१०० हा पत्ता दिलेला. नवीन राउटर आला तो १९२.१६८.१.१. म्हणजे नाव-पासवर्ड सोडा, वायर लावून पण डीव्हीआर दिसणार नाही, कारण दोघांची गल्लीच वेगळी झाली. डीव्हीआरचे सेटिंग उकरत बसण्यापेक्षा मी नवीन राउटरचाच लॅनचा (घरातल्या नेटवर्कचा) पत्ता बदलून १९२.१६८.०.१ केला, प्रिंटर पण त्यातच सुटला.

पण बाहेरगावाहून मोबाईलवर कॅमेरा दिसेना. पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणाऱ्याला राउटरमधून थेट डीव्हीआरकडे पाठवायचं सेटिंग) केलं, उपयोग शून्य. राउटरच्या स्टेटसमध्ये वॅनचा (कंपनीकडच्या बाजूचा) आयपी पत्ता १०० पासून सुरू होणारा आणि इंटरनेटवर "माझा आयपी" शोधला की भलताच. याला सीजीनॅट म्हणतात, म्हणजे एकच बाहेरचा पत्ता कंपनी खूप गिऱ्हाइकांत वाटते, त्यामुळे बाहेरून थेट तुमच्या दारापर्यंत येताच येत नाही. कस्टमर केअरवाली ताई दर वेळी "राउटर रिस्टार्ट करा सर" एवढंच. उपाय दोन, महिन्याला जास्त पैसे भरून स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता) घ्या नाहीतर डीव्हीआरच्याच क्लाउड ॲपमधून बघा. मी दुसरा केला, चित्र दोन-तीन सेकंद मागे असतं पण गल्ल्यावर कोण बसलंय ते कळतं.

तिसरामजला

सांगलीमिरज, धन्यवाद हो! आमच्या सोसायटीचा कॅमेरा याच कारणाने बंद असणार, सेक्रेटरी उगाच कॅमेरेवाल्याला शिव्या घालतायत.

वाईचा_वाडा

दगडी भिंती, दोन फूट जाडीच्या. एका राउटरचं इथे काही चालत नाही. आमच्याकडे आधीपासून स्वतःचा चांगला मेश सेट (घरभर ठेवलेले, मिळून एकच वायफाय देणारे राउटर) होता, तो कंपनीच्या डब्याला जोडला, नेट चालू झालं पण ऑफिसचं व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणारं) अधूनमधून तुटायचं, पोराचा गेम पण रडायचा. डबल नॅट, म्हणजे डबाही राउटरचं काम करतोय आणि मेशही. डबा ब्रिज मोडवर (म्हणजे त्याने लाईन नुसती पुढे द्यायची, राउटरचं काम मेशचं) टाकून द्या म्हटलं तर फोनवर "तशी सोय नाही". एरियाचा इंजिनिअर घरी आला तेव्हा त्याला चहा पाजून विचारलं, त्याने पाच मिनिटांत करून दिलं. पीपीपीओईचं (कंपनीच्या नेटला लॉगिन करायचं) युजरनेम-पासवर्ड आणि व्हीलॅनचा (कंपनीच्या लाईनवरच्या इंटरनेटच्या वाटेचा) आकडा त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या, ते आता तुमच्या राउटरमध्ये टाकावं लागतं, नाहीतर डब्यावर सगळे हिरवे दिवे आणि नेट नाही. ब्रिज नाहीच मिळाला तर मेशला ॲक्सेस पॉइंट मोडवर (फक्त वायफाय देणारा) टाका आणि डब्याचं स्वतःचं वायफाय बंद करा, तेवढ्यानेही भागतं.

अजून एक, माडीवर ३०० एमबीपीएसचा प्लॅन असून स्पीड कायम ९४. जुन्या केबलवाल्याने माडीवर लॅनची वायर ओढताना आठपैकी चारच तारा प्लगमध्ये बसवलेल्या, त्यावर १०० च्या पुढे जातच नाही. नाक्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याकडून दोन्ही टोकांना नवीन प्लग मारून आठही तारा बसवल्या, लगेच २९० च्या वर. वायर भिंतीतून नव्याने ओढायला निघालेले असाल तर आधी प्लग बघा.

म्युनिककर

इथे जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून कायदाच आहे की राउटर कुठला लावायचा ते गिऱ्हाईक ठरवणार, कंपनीने लॉगिनची माहिती द्यायलाच हवी. त्यामुळे कंपनी बदलली तरी माझा फ्रिट्झबॉक्स (स्वतःचा राउटर) तोच, फक्त नवीन लॉगिन टाकलं, घरातल्या एकाही वस्तूला कळलं नाही. ठाण्याला आईकडे मात्र मी व्हिडिओ कॉलवर सगळं केलं, आई फोनचा कॅमेरा राउटरवर धरून उभी आणि मी ओरडतोय "आई, मागचं पिवळं भोक, पिवळं!" तिने वैतागून शेजारच्या दादाला बोलावलं.

पौडरोडवाली

दिवे गेल्यावर काय करता? आमचा इन्व्हर्टर आहे पण त्याच्या लाईनवर राउटर नाही.

कल्याणपूर्व

ताई, १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मिळतो, डबा आणि वेगळा राउटर असेल तर तोही, दोन्ही त्यावर चालतात. घ्यायच्या आधी दोन्हींच्या ॲडॉप्टरवर किती अँपिअर लिहिलंय ते बघा, बेरीज यूपीएसच्या आत बसली पाहिजे. फायबरमध्ये मधल्या खांबावरच्या स्प्लिटरला (एका फायबरच्या अनेक फांद्या करणाऱ्या तुकड्याला) वीज लागत नाही, म्हणून तुमचा डबा चालू तर सहसा नेट चालू. जुन्या केबलवाल्याचा स्विच बिल्डिंगच्या गच्चीवर असायचा, तिथली लाईट गेली की घरात इन्व्हर्टर असून उपयोग नसायचा.

नाशिकरोडचा

आणि जुन्या कंपनीचा डबा परत करताना पावती घ्या, डब्याच्या सिरियल नंबरचा फोटो पण. आमच्याकडे माणूस डबा घेऊन गेला आणि नंतर डिपॉझिट मागितलं तर म्हणे डबा जमाच नाही. फोटो दाखवला तेव्हा पैसे आले.

देवगडवरून

आमच्याकडे वरचं सगळं झालं, नाव जुनं, मेश मस्त. आता वानरं खांबावरून कौलांवर उडी मारताना वायरला लोंबकळतात, पावसाळा सुरू झाल्यापासून दोनदा तुटली. कुणी पाइपातून जमिनीखालून घेतलीय का? खर्च किती आला आणि कंपनी करून देते का आपणच चर खणून द्यायचा?

वाईचा_वाडा

खणून आम्हीच दिला, गेटपासून ओटीपर्यंत. अर्ध्या इंचाचा पाइप घेऊ नका, एक इंची घ्या आणि आत नायलॉनची दोरी आधीच टाकून ठेवा, उद्या परत कंपनी बदलली तर नवीन वायर त्याच दोरीला बांधून ओढता येते.