शब्दचर्चा: प्रिंटर ड्रायव्हरमधल्या ‘स्टेट’ला काय म्हणावं?

एका तांत्रिक पुस्तिकेचं मराठी करतोय. प्रिंटर ड्रायव्हरच्या (अ‍ॅपचं म्हणणं प्रिंटरला कळेल अशा आज्ञांत सांगणाऱ्या प्रोग्रॅमच्या) प्रकरणात शीर्षकावरच अडलोय. विषय असा, की ‘ग्राफिक्स स्टेट’ (या घडीला लागू असलेला रंग, रेघेची जाडी, फॉन्ट वगैरे) सारखी बदलत असते आणि ड्रायव्हरने ते बदल कमीत कमी खर्चात ‘ट्रॅक’ करायचे. तूर्त ‘आलेखी अवस्थेतील बदलांचा कार्यक्षम मागोवा’ असं लिहून ठेवलंय. व्याकरणात चूक नाही, पण वाचून काही कळतही नाही. पुढे ‘डर्टी फ्लॅग’ (मूल्य बदललंय, पण प्रिंटरला कळवायचं राहिलंय अशी खूण) येतो, त्याला अजून हात लावलेला नाही. सुचवा.

*

‘आलेखी’ काढाच. आलेख म्हटला की चढती-उतरती रेघ डोळ्यांसमोर येते. ‘ग्राफिक्स’ सगळ्यांना कळतं, ते राहू द्या.

‘अवस्था’ही इथे पटत नाही. बाल्यावस्था, निद्रावस्था, द्रवावस्था: एका वेळी एकच, आणि एकीतून दुसरीत जायचं. इथे रंग, रेघेची जाडी, फॉन्ट, कातरसीमा (‘क्लिप’, म्हणजे जिच्या बाहेरचं छापायचं नाही ती हद्द) असं सगळं एकदम नांदतं आणि प्रत्येक गोष्ट सुटी बदलते. शिवाय ‘काय ही अवस्था!’ कानात वाजतंच. ‘स्थिती’ बरा.

*

ड्रायव्हर लिहिण्यात काही वर्षं गेली आहेत, म्हणून ‘मागोवा’वर जरा लांबण लावतो.

मागोवा घ्यायचा तो होऊन गेलेल्या गोष्टीचा, पावलांच्या खुणा बघत मागे मागे जात. ड्रायव्हर मागे जात नाही. तो वही ठेवतो. वहीत दोन रकाने: अ‍ॅपने काय मागितलंय, आणि प्रिंटरला आपण शेवटचं काय कळवलंय. अ‍ॅपने एक रेघ मारण्याआधी रंग काळा, लाल, पुन्हा काळा, मग निळा केला, तर प्रत्येक वेळी फक्त पहिला रकाना खोडून लिहायचा. रेघ मारायची वेळ आली की दोन्ही रकाने ताडायचे आणि फरक असेल तेवढाच पाठवायचा. प्रिंटरकडे एकदाच ‘निळा’ जातो. आणि रेघेऐवजी नुसता रंगाने भरलेला चौकोन काढायचा असेल, तर रेघेची जाडी बदललेली असली तरी ती पाठवायचं कारणच नाही. राहू दे बाकी. याला आपल्याकडे सरळ ‘हिशेब ठेवणं’ म्हणतात. आणि ‘कार्यक्षम’पेक्षा ‘काटकसर’ नेमका, कारण इथे वाचवायचे असतात ते प्रिंटरकडे जाणारे बाइट.

हिशेब दोन्ही बाजूंनी जुळला नाही की काय होतं ते सांगतो. पोस्टस्क्रिप्टमध्ये, म्हणजे पान कसं काढायचं ते प्रिंटरला सांगायच्या भाषेत, ‘जीसेव्ह’ म्हटलं की प्रिंटर आपली स्थिती जपून ठेवतो, ‘जीरिस्टोअर’ म्हटलं की तीच परत आणतो. माझ्या एका ड्रायव्हरमधून लाल रेघा मधूनच काळ्या उमटायच्या. घडायचं असं: रंग काळा. जीसेव्ह. रंग लाल, रेघ. जीरिस्टोअर. प्रिंटर मुकाट्याने काळ्यावर परतला, माझ्या वहीत मात्र ‘लाल पाठवला’ तसंच राहिलं. पुढे अ‍ॅपने पुन्हा लाल मागितला. वही म्हणाली, लाल आधीच आहे, पाठवायला नको. रेघ काळी! काटकसर अंगाशी आली. मग वहीचीही चवड केली: प्रिंटर पान ठेवेल तेव्हा मीही ठेवायचं, तो काढेल तेव्हा मीही काढायचं.

‘स्टॅक’ला (शेवटी ठेवलेलं आधी काढायचं अशा साठ्याला) ‘चवड’च म्हणा, ‘रास’ नको. राशीला वरचं-खालचं नसतं.

*

‘उतरंड’ का नको?

*

उतरंडीत तळाला मोठं, वर लहान. इथले सगळे थर सारखेच. पीडीएफच्या जुन्या मर्यादांच्या यादीत ही चवड २८ थरांपर्यंतच जायची, तेवढ्यात मापं बदलत नाहीत. :-)

*

‘डर्टी’ला कृपा करून ‘मळका’ म्हणू नका. मळलेलं काहीच नसतं. बदललेलं मूल्य तर ताजंच असतं, शिळी असते ती प्रिंटरकडची माहिती. म्हणजे इंग्रजी शब्द ज्या बाजूला चिकटवलाय ती बाजूच आपल्याला उलटी वाटते. वर ‘राहू दे बाकी’ असं सहज येऊन गेलंय, तेच घ्या. ‘बाकी-खूण’. रंग बाकी, फॉन्ट बाकी, जाडी चुकती.

*

‘बाकी’ आवडला. पण एक तिसरी गोष्टही नोंदवा: ठाऊक नाही. अ‍ॅपने मध्येच स्वतःचं तयार पोस्टस्क्रिप्ट घुसवलं, तर त्यानंतर प्रिंटर कुठल्या स्थितीत आहे हे ड्रायव्हरला सांगता येत नाही. तिथे वहीत शून्य लिहून भागत नाही. रेघेची जाडी शून्य हे वैध मूल्य आहे, उपकरणाला जमेल तितकी बारीक रेघ असा त्याचा अर्थ. उलट विंडोजमध्ये कातरसीमेबरोबर ड्रायव्हरला एक ओळख-आकडा मिळतो. तोच आकडा पुन्हा आला तर अख्खी सीमा ताडायची गरज नाही, पण आकडा शून्य असेल तर ती सीमा जपून ठेवायची नाही. एकाच खात्यात शून्याचे असे दोन अर्थ. म्हणून ‘अज्ञात’ हा शब्द वेगळा ठेवा, ‘रिक्त’मध्ये मिसळू नका.

आणि ‘रीसेट’ला ‘सर्व पूर्ववत’ लिहू नका. पोस्टस्क्रिप्टमध्ये पान छापून झालं की रंग, जाडी, कातरसीमा मूळपदावर येतात, फॉन्ट येत नाही. ‘सर्व’ हा शब्द तिथे खोटा आहे.

*

सगळ्यांचे आभार. शीर्षक असं केलंय: ‘ग्राफिक्सच्या सद्यस्थितीचा काटकसरी हिशेब’. ‘सद्यस्थिती’ एवढ्यासाठी, की पोस्टस्क्रिप्टच्या आज्ञाही ‘करंट’ रंग, ‘करंट’ फॉन्ट असंच बोलतात.

*

शीर्षकात चालेल. आत जपून. ‘जतन केलेली सद्यस्थिती’ असं लिहावं लागेल तेव्हा काय कराल? जतन केली की ती सद्य राहिली कुठे?

*

खरंय. मग चवडीत सगळ्यात वर असेल ती ‘सद्यस्थिती’, खालच्या साऱ्या नुसत्या ‘स्थिती’. ‘काटकसरी हिशेब’वर मात्र आमच्या संपादकांनी आत्ताच लाल रेघ मारली आहे. काळी उमटली असती तर बरं झालं असतं.