शब्दचर्चा: जुन्या रॉक कॉन्सर्टच्या आठवणीने जे होतं, त्याला मराठीत काय म्हणायचं?

परवा कॅसेटींचा खोका आवरताना एका कव्हरमधून तिकिटाचं अर्धुक खाली पडलं. जाडसर कागद, एका बाजूला भोकाभोकांची फाटलेली कड, शाई मात्र अजून शाबूत. माझ्या पहिल्यावहिल्या रॉक कॉन्सर्टचं तिकीट. खोका तसाच राहिला आणि मी ते अर्धुक हातात घेऊन बसून राहिले. मुलीने विचारलं, ‘आई, काय झालं?’ मला मराठीत उत्तर देता येईना. ‘नॉस्टॅल्जिक झाले’ म्हणून वेळ मारून नेली, पण तेव्हापासून चैन नाही, म्हणून इथे विचारते आहे.

‘नॉस्टॅल्जिया’साठी आपण सर्रास ‘स्मरणरंजन’ वापरतो. शब्द चांगलाच आहे, पण त्यात ‘रंजन’ आहे. चारजण जुने फोटो बघत हसतात, एकमेकांना किस्से सांगतात, त्याला स्मरणरंजन म्हणावं. मला त्या दिवशी झालं त्यात रंजन नव्हतं. आत काहीतरी तुटत होतं आणि ते तुटणं हवंसंही वाटत होतं.

काय आठवलं ते सांगते, म्हणजे शब्द शोधायला बरं पडेल. गाणी नाही आठवली. गाणी तर मी रोज ऐकते. आठवला तो क्षण, सभागृहातले दिवे एकदम जातात तो. मंचावर अजून कुणी नाही. अँप्लिफायरचे लाल ठिपके तेवढे दिसतायत आणि त्यांची बारीक घूं ऐकू येतेय. एकजण टॉर्च तोंडात धरून वाकून वायरी तपासतो आणि लोक त्याच्यासाठीसुद्धा ओरडतात. पहिलं गाणं कोणतं, कुणालाच ठाऊक नाही. शेजारच्या अनोळखी मुलीने माझा दंड घट्ट पकडला होता आणि आपण तो पकडलाय हे तिच्या गावीही नव्हतं.

आता आदल्या कार्यक्रमात काय काय वाजवलं त्याची यादी सकाळीच फोनवर आलेली असते. दिवे गेले की शेकडो पडदे उजळतात. मागच्या खेपेस जवळजवळ अख्खी कॉन्सर्ट मी समोरच्या माणसाच्या फोनमध्ये पाहिली, कारण मंचाच्या आड त्याचा हात होता. तिकीट म्हणजे एक काळापांढरा चौकोन. त्यातून उद्या खाली पडायला काही उरत नाही.

आणखी एक अडचण म्हणजे खुद्द ‘कॉन्सर्ट’लाही आपल्याकडे शब्द नाही. ‘मैफल’ म्हटलं की मांडी घालून ऐकणं आलं. ‘जलसा’ अरबीतून आला, त्याच्या मुळाशीच ‘बसणं’ आहे. ‘बैठक’ तर बैठकच. गाणं ऐकण्याचे आपले बहुतेक शब्द बसलेले आहेत आणि रॉक ही उभ्याने ऐकायची गोष्ट. तिला मोठ्या माणसांनी दिलेला एकच खणखणीत मराठी शब्द मला माहीत आहे, ‘धांगडधिंगा’. ज्याला नावच असं पडलं, त्याच्या आठवणीला शब्द कुठून मिळणार?

जाणकारांनी सुचवावं.

प्रतिसाद १

‘गतकातरता’ विचारात घेतलात का? छापील मराठीत तो नॉस्टॅल्जियासाठी बराच रुळलेला आहे. ‘कातर’ म्हणजे भ्यालेला, व्याकूळ, हळवा. कातर आवाज, कातर मन. दिवस पुरता गेलेला नाही आणि रात्र आलेली नाही, अशा वेळी जीव उगाच कासावीस होतो, ती ‘कातरवेळ’. तुमचं दिवे जाण्याचं वर्णन वाचून वाटलं, ही सभागृहातली कातरवेळच आहे.

‘नॉस्टॅल्जिया’ या मूळ शब्दाचं कूळही पाहण्यासारखं आहे. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला सादर केलेल्या प्रबंधात तो घडवला. ‘नोस्तोस’ म्हणजे घरी परतणं, ‘आल्गोस’ म्हणजे वेदना. परमुलखात राहणाऱ्या माणसाला जडणाऱ्या एका दुखण्याचं ते नाव होतं. तेव्हाच्या अर्थाला मराठी प्रतिशब्द विचाराल तर ‘घरओढ’. पुढे त्यातलं घर मागे पडलं आणि काळ आला. रॉकच्या बाबतीत तर घरंही, म्हणजे ते जिथे वाजायचं ती सभागृहंही गेली. न्यूयॉर्कचं फिलमोर ईस्ट जून १९७१ मध्ये बंद झालं, सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँडचा शेवटचा कार्यक्रम १९७८ च्या ३१ डिसेंबरला झाला, न्यूयॉर्कच्याच सीबीजीबी क्लबने ऑक्टोबर २००६ मध्ये दार लावून घेतलं. परतावं म्हटलं तरी उंबरठा नाही.

बोलीतले चार शब्द जवळपास येतात, पण ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ‘हळहळ’ दुसऱ्याच्या नुकसानीचीही वाटते आणि ती बोलून दाखवता येते. ‘चुटपुट’ लहानशा गोष्टीची असते, निघताना भेट झाली नाही याची. ‘रुखरुख’ मुक्काम ठोकते, आपल्या हातून काही राहून गेलं याची. ‘हुरहुर’ला धड कारणही लागत नाही आणि ती अजून न घडलेल्या गोष्टीचीही असते. तुमचं काही राहून गेलेलं नाही, तुम्ही तिथे होतात. तेव्हा रुखरुख नाही आणि चुटपुटही नाही. माझं मत गतकातरतेला. बोलताना जड जातो, हे मान्य.

प्रतिसाद २

मी बरीच वर्षं ध्वनिव्यवस्थेचं काम केलंय, म्हणून कानांच्या बाजूने बोलतो.

पूर्वीच्या कॉन्सर्टचा आवाज चांगला होता असं लोक म्हणतात, ते खरं नाही. १५ ऑगस्ट १९६५ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स वाजवत होते. समोर ५५ हजारांवर माणसं आणि त्यांचं गाणं जात होतं स्टेडियममधल्या घोषणांच्या कर्ण्यांतून. आपलाच आवाज आपल्याला ऐकू यावा म्हणून मंचावर मॉनिटर असतात, ते तेव्हा नव्हतेच. त्यांचा ड्रमवाला रिंगो स्टार पुढच्या तिघांच्या हालचाली बघून ताल सांभाळत होता. २९ ऑगस्ट १९६६ च्या कार्यक्रमानंतर त्यांनी दौरे सोडले, त्यामागे हेही एक कारण होतं.

याच त्रासातून पुढे काय काय घडलं! १९७४ साली ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडने वादकांच्या पाठीमागे सहाशेच्या आसपास स्पीकरांची भिंत उभी केली, ‘वॉल ऑफ साउंड’. वादकांना जे ऐकू यायचं तेच लोकांना. पण पाठीमागचाच आवाज माइकमध्ये शिरला की कर्कश शिट्टी सुटते. म्हणून प्रत्येक गायकाला दोन माइक, एकमेकांच्या उलट जोडलेले. गायक एकातच गाणार. भिंतीचा आवाज दोन्हींत सारखाच शिरणार आणि एकमेकांना खाऊन टाकणार, उरणार फक्त गाणं. ती भिंत उभारणं आणि उतरवणं झेपेना, त्याच वर्षी ती गेली. मी तिच्यासमोर कधी उभा राहिलो नाही, तरी तिचे फोटो बघताना मला उमाळा येतो. ‘उमाळा’ हाही शब्द यादीत घ्या.

आता वाक्प्रचारांबद्दल. ‘कानठळ्या बसणं’ आणि ‘कानांना दडे बसणं’ हल्ली एकच समजून वापरतात. कानठळ्या आवाज चालू असताना बसतात. दडे नंतरचे. बाहेर पडल्यावर सगळं कापसातून आल्यासारखं वाटतं, ते दडे. आणि रात्री उशीवर डोकं टेकलं की कानात बारीक शिट्टी वाजत राहते. आम्ही ती दुसऱ्या दिवशी मिरवायचो. ते मिरवणं चूक होतं. आतल्या कानातल्या नाजूक पेशींना इजा झाल्याची ती खूण आहे आणि माणसाच्या कानात त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. ‘द हू’ या ब्रिटिश बँडच्या १९७६ च्या लंडनमधल्या कार्यक्रमाची गिनेसने सर्वांत मोठ्या आवाजासाठी नोंद केली होती. कानांच्या काळजीने पुढे गिनेसने तो प्रकारच बंद केला. माझ्या डाव्या कानातली शिट्टी आता कायमची आहे.

एक गोष्ट सांगायलाच हवी. ३ डिसेंबर १९७९ ला अमेरिकेतल्या सिनसिनाटीत द हूच्याच कार्यक्रमाआधी दारातल्या चेंगराचेंगरीत ११ जण गेले. बहुतेक तिकिटांवर जागेचा नंबर नव्हता, जो आधी शिरेल त्याला पुढची जागा. आपण ज्या मोकळेपणाची आठवण काढतो त्यात हेही होतं. वरचा ‘कातर’ मला म्हणूनच पटला. त्यात हळवेपणा आहे, पण भीतीही आहे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. दादा, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून मी थांबले. त्या मुलीने माझा दंड पकडला तो आनंदाने, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. मागून रेटा येत होता हेही आता आठवतंय. तिचे पाय जमिनीवरून सुटले असतील. मी तिला विचारलंच नाही.

प्रतिसाद ३

‘वन्समोर’ कुणी कसा आणला नाही? मराठी संगीत नाटकाने हा शब्द इंग्रजीतून उचलला आणि पार आपलासा केला. त्याचा अर्थ नेमका आहे, तेच पद पुन्हा. फ्रेंचमधून आलेल्या ‘एन्कोर’चाही अर्थ ‘पुन्हा’च, पण रॉकच्या गर्दीला ‘आणखी एक’ हवं असतं. एके काळी ते मिळेलच असं नव्हतं. बीटल्स अर्ध्या तासात सगळं आटोपून निघायचे. १९५६ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या श्रेव्हपोर्टला निवेदकाला लोकांना सांगावं लागलं की एल्विस प्रेस्ली आता इमारतीत नाही, आपापल्या जागी बसून घ्या, पुढचे कलाकार यायचे आहेत. आता शेवटची दोन गाणी राखून ठेवलेलीच असतात आणि सगळ्यांना ती माहीत असतात. ओरडण्यातलं मागणं गेलं.

मला विचाराल तर नॉस्टॅल्जिया म्हणजे मनाने दिलेला वन्समोर. तेच, तसंच, पुन्हा. तो मिळत नाही म्हणून दुखतं.

प्रतिसाद ४

ताई, मी तेवीस वर्षांचा आहे. मला जे होतं त्यालाही शब्द हवा आहे, कारण मी यातलं काहीच पाहिलेलं नाही. तरी अमेरिकेतल्या वुडस्टॉक महोत्सवाबद्दल वाचताना पोटात खड्डा पडतो. ऑगस्ट १९६९, चार लाखांवर लोक. कार्यक्रम लांबत लांबत सोमवारची सकाळ उजाडली तेव्हा गिटारवादक जिमी हेंड्रिक्स मंचावर आला आणि तोवर बहुतेक लोक घरी निघून गेले होते. (त्यांना आयुष्यभर वाटली असेल ती रुखरुख. चुटपुट फार लहान पडते.) पण मी तर जन्मलोही नव्हतो. जे आपलं कधी नव्हतंच त्याची वाटते ती हुरहुर, असं मला वाटतं.

फोनबद्दल मात्र थोडं वेगळं म्हणायचंय. ध्वनिमुद्रण तेव्हाही व्हायचं. ग्रेटफुल डेडने तर १९८४ पासून कॅसेट भरणाऱ्यांना प्रेक्षकांतच वेगळी जागा दिली होती. ते लोक उंच काठीवर माइक लावायचे आणि आपला आवाज त्यात येऊ नये म्हणून अख्खा कार्यक्रम गप्प राहायचे. पुढे त्या कॅसेटी एकमेकांना द्यायच्या, पैसे घ्यायचे नाहीत. म्हणजे साठवून ठेवणं हा दोष नाही. ते ऐकण्यासाठी साठवत होते आणि आम्ही आपण तिथे होतो हे दाखवण्यासाठी साठवतो.

मी एका अशा कॉन्सर्टला गेलोय जिथे दारातच फोन कुलुपाच्या पिशवीत बंद करून पिशवी आपल्याच हातात देतात. पहिला अर्धा तास हात सारखा खिशाकडे जात होता. मग थांबला. एका गाण्याच्या मध्ये गिटारची तार तुटली आणि ती बदलेपर्यंत ड्रमवाला एकटाच वाजवत राहिला. ते कुठेच चित्रित झालेलं नाही. आम्ही चौघे मित्र ते चार वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगतो आणि दर वेळी भांडतो.

प्रतिसाद ५

‘नाद’. मराठीत आवाजही नाद आणि वेडही नाद. घंटेचा नाद असतो आणि माणसाला नाद लागतो. डाव्या कानातली ती शिट्टीसुद्धा वैद्यकीय मराठीत ‘कर्णनाद’च. रॉकशी जमेल असा याहून जवळचा शब्द मला दिसत नाही. ‘जुना नाद’ म्हणून पाहा.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

‘जुना नाद’ मला फार आवडला, पण तो त्या वेडाचं नाव झाला. अर्धुक हातात धरल्यावर जे झालं त्याचं नाही. ‘हुरहुर’ मी तेवीस वर्षांच्या मित्राला देऊन टाकते. त्याने तिचा अर्थ माझ्यापेक्षा नीट ओळखलाय, आणि ज्याने ते पाहिलंच नाही त्याच्याकडे ती शोभते. वन्समोरची कल्पना जवळ ठेवून घेणार आहे.

‘गतकातरता’ लेखात चालेल, पण तोंडात बसत नाही. तिच्यातला ‘कातर’ मात्र बसतो. काल मुलीला पुन्हा बोलावून सांगितलं, ‘त्या दिवशी तिकीट पाहिलं आणि मन कातर झालं.’ तिला समजावून सांगावं लागलं नाही. ती शेजारी येऊन बसली, अर्धुक उलटसुलट करून पाहिलं, फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, ‘मग दिवे गेल्यावर पहिलं गाणं कोणतं वाजवलं?’

मला ते आठवेना.