मदत हवी आहे: हॅम्बर्ग (ईरी काउंटी, न्यूयॉर्क) इथला पहिला हिवाळा

रानजाई:
न्यू जर्सीहून ऑक्टोबरअखेर हॅम्बर्गला राहायला जातोय. स्वतंत्र घर, गॅसचा फर्नेस (घर गरम ठेवणारी भट्टी), लांब ड्राइव्हवे. अ‍ॅपवर जवळच्या बफेलो शहराला 2 ते 4 इंच बर्फ दिसतो, आणि होणारे शेजारी म्हणतात दोन फूट धरून चाला. विश्वास कशावर ठेवायचा? घराची तयारी काय करू?

पागोळी:
शेजाऱ्यांवर. अ‍ॅपमधलं बफेलो बहुधा विमानतळाचं असतं. ईरी सरोवर नैऋत्येकडून ईशान्येकडे लांबट पसरलंय. सरोवराचं पाणी आणि साधारण दीड किलोमीटर उंचीवरची हवा यांत निदान 13 अंश सेल्सियसचा फरक पडला (पाणी उबदार, हवा थंड) आणि वारा त्या लांबीवरून वाहिला, की तो सरोवराचं बाष्प उचलतो आणि बर्फाचा अरुंद पट्टा तयार होतो. पट्ट्याखाली तासाला 2-3 इंच, बाहेर चक्क ऊन! म्हणून आकड्याआधी वाऱ्याची दिशा बघा. ढोबळमानाने होकायंत्राच्या 240 अंशांवरून (नैऋत्य-पश्चिमेकडून) येत असेल तर बफेलो शहर झोडपलं जातं. 250-260 कडे वळला की हॅम्बर्ग आणि शेजारचं ऑर्चर्ड पार्क. नोव्हेंबर 2022 मध्ये ऑर्चर्ड पार्कला सुमारे 80 इंच पडला, विमानतळावर त्याच्या निम्म्याहून कमी. राष्ट्रीय हवामान सेवेच्या बफेलो कार्यालयाचं 'फोरकास्ट डिस्कशन' रोज वाचा, त्यात पट्टा कधी कुठे सरकेल ते तासांनिशी लिहिलेलं असतं.

हिवाळकर:
घराचं बोलतो. नवा फर्नेस असेल तर त्याचे पांढरे पीव्हीसी पाइप बाजूच्या भिंतीतून बाहेर येतात, बरेचदा जमिनीपासून फूट-दीड फुटावरच. वाऱ्याने बर्फ साचून ते बुजले की फर्नेस बंद पडतो किंवा कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो. आत्ताच पाइप शोधून शेजारी उंच काठी रोवा, आणि बर्फ पडत असताना दर काही तासांनी तिथला बर्फ हाताने काढा. झोपायच्या प्रत्येक मजल्यावर डिटेक्टर हवाच. यात काटकसर नको. गाडी बर्फात अडकली तर इंजिन सुरू करण्याआधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करा, कारण तेच. स्नोब्लोअर (बर्फ उडवणारं यंत्र) दोन-स्टेजचाच घ्या, म्हणजे बर्फ फोडून आत ओढणारा आणि दूर फेकणारा भाग वेगळा असलेला. रस्ता साफ करणारा प्लाऊ ड्राइव्हवेच्या तोंडाशी जो ओला, दगडासारखा बांध घालून जातो तो सिंगल-स्टेजला फुटत नाही.

रानजाई:
पाइप लगेच बघते. सरोवर गोठलं की हे थांबतं ना?

पागोळी:
बरंचसं. ईरीची सरासरी खोली जेमतेम 19 मीटर, त्यामुळे कडक थंडीत जानेवारी-फेब्रुवारीत बराच भाग गोठतो आणि बाष्प तुटतं. सौम्य हिवाळ्यात गोठतच नाही. आणि गोठल्यावरही गाफील राहू नका: जानेवारी 1977 च्या वादळात शहरावर आलेला बराचसा बर्फ आभाळातून पडलेला नव्हता, गोठलेल्या सरोवरावर साचलेला वाऱ्याने उडवून आणला होता. एप्रिल-मेमध्ये हेच थंड पाणी किनाऱ्यालगतचा वसंत लांबवतं, तेव्हा टोमॅटोची रोपं मे संपेपर्यंत जमिनीत लावू नका.

हिवाळकर:
आणि 'ट्रॅव्हल बॅन' लागला की गाडी काढायची नाही. 'अ‍ॅडव्हायझरी' म्हणजे सल्ला, बॅन म्हणजे कायदा.