हळद-बेदाण्याच्या निर्यातीत जायचं असेल तर एमबीए ॲग्रिबिझनेसमध्येच करावं. पटतंय का?

विश्रामबागची:
घरात महिनाभर हाच वाद चाललाय, म्हणून इथे मांडते. माझं बी.कॉम. झालंय. कुपवाडच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये बेदाण्याच्या आवक-जावकीचे हिशेब बघते, यंदा एमबीएच्या सीईटीला बसणार. घरचे म्हणतात फायनान्स घे, कुठेही नोकरी लागते. पण मला "कुठेही" जायचंच नाहीये, मला निर्यातीत जायचंय. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते परदेशी गिऱ्हाइकाला समजावून दोन पैसे जास्त मिळवायचे, तर माल कळायला हवा. कुरक्युमिन (हळदीला रंग देणारा घटक) किती, कीडनाशकाचा अंश किती, यावर कंटेनर अडतो. फायनान्सच्या वर्गात हे कोण शिकवणार?

वखारभागकर:
ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नकोस. कुरक्युमिन प्रयोगशाळा मोजते. निर्यातदाराची झोप उडते ती एलसी (गिऱ्हाइकाच्या बँकेची पैसे देण्याची हमी), पॅकिंग क्रेडिट (माल रवाना होण्याआधी मिळणारं बँकेचं कर्ज) आणि डॉलरच्या भावाने. हळदीचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदेबाजारात चालतात, त्यांचं मूळ केंद्र निजामाबाद. तिथला भाव आणि आपल्या राजापुरी हळदीचा भाव बरोबरीने हलेलच असं नाही. ही तफावत ज्याला हिशेबात धरता येते, त्याला पेढीवर मान आहे. आणि ऐन हंगामात अवकाळीने द्राक्ष झोडपलं तर? फायनान्सवाला त्या वर्षी बँकेत जाईल. तू कुठे जाशील?

मिरज_जंक्शन:
वखारभागकरांशी सहमत. बावीस-तेविसाव्या वर्षी एकाच पिकावर आयुष्य लावू नये.

विश्रामबागची:
दादा, एलसी आणि फॉरवर्ड कव्हर (डॉलरचा भाव आधीच बांधून घेणं) मलाही शिकायचंय. पण एमबीएच्या पहिल्या वर्षी अकाउंट्स, फायनान्स, मार्केटिंग सगळ्यांनाच असतं. फरक पडतो दुसऱ्या वर्षाच्या विषयांत आणि मधल्या उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपमध्ये. फायनान्सचा विद्यार्थी ते दोन महिने एखाद्या बँकेत काढणार, मी मसाला निर्यातदाराकडे किंवा शेतकरी उत्पादक कंपनीत. ओळखी तिथेच होतात, आणि या धंद्यात ओळखीशिवाय सौद्यात कुणी उभं करत नाही.

हरिपूरकर:
दोघंही एक गोष्ट सोडताय. आमच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद वर्षानुवर्षं टिकायची. 2005 च्या महापुरात पाणी शिरलं आणि बरीच पेवं निकामी झाली. तिथे ना फायनान्स कमी पडला, ना मालाची पारख. साठवण एकाच नदीकाठी होती. गोदाम कुठे, माल किती ठिकाणी ठेवायचा, विमा कशाचा, हे बघणारा माणूस आजही शोधावा लागतो. सप्लाय चेनचा विचार कर.

आणि नुसत्या नावावर कॉलेज निवडू नकोस, पोरी. आणंदची इर्मा ही ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था 1979 साली अमूलच्या कुरियन यांनी काढली ती ग्रामीण भागाला आणि सहकारी संस्थांना व्यवस्थापक मिळावेत म्हणून. पुण्याच्या वैकुंठ मेहता संस्थेचा पिंडही सहकाराचाच. निर्यात हे दोघींचं मूळ काम नव्हे. आयआयएम अहमदाबादला फूड आणि ॲग्रिबिझनेसचा दोन वर्षांचा स्वतंत्र कोर्स आहे, पण तिथे कॅट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा लागते, राज्याची सीईटी चालत नाही. हैदराबादची मॅनेज ही कृषी व्यवस्थापनाची संस्था मुख्यतः कृषी आणि संलग्न शाखांच्या पदवीधरांना घेते, म्हणजे बी.कॉम.वाल्याने फॉर्म भरण्याआधी पात्रता वाचायची. बाकी जिथे जाशील तिथे दुसऱ्या वर्षाची विषयपत्रिका माग. शेतीचे दोनच विषय असतील तर ते ॲग्रिबिझनेस नव्हे, नेहमीचं मार्केटिंगच.

विश्रामबागची:
काका, सप्लाय चेनचं पटलं. ॲग्रिबिझनेसमध्येच तो विषय नीट शिकवणारं कॉलेज शोधते. फायनान्सकडे मात्र वळणार नाही.

वखारभागकर:
शोध. फी कर्ज काढून भरणार असशील तर गेल्या दोन बॅचना नोकरी कुणी दिली आणि पगार किती दिला, हे आधी लेखी घे. त्या पगारात हप्ता बसत नसेल, तर माझं फायनान्सचं म्हणणं कायम आहे.