विषय : पावसाळाभर बंद राहिलेल्या मोटरहोममधील पाणी, गॅस आणि बॅटरी

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

डिसेंबरमध्ये आम्ही जर्मनीहून कोल्हापुरास येत आहोत. भावाने उद्यमनगरात बांधून घेतलेले मोटरहोम मे महिन्यापासून घराशेजारी उभे असून, आईवडिलांना घेऊन गगनबावडामार्गे मालवणला जाण्याचा बेत आहे. आमच्याकडे दर हिवाळ्यात गाडीतले पाणी पूर्ण काढून टाकावे लागते, कारण ते गोठले तर नळ, पंप आणि हीटर फुटतात. कोल्हापुरात पाणी गोठण्याचा प्रश्नच नसल्यामुळे भावाने १०० लिटरची टाकी भरलेलीच ठेवली आहे. यात काही अडचण नाही ना?

*

सप्रेम नमस्कार.

अडचण आहे, आणि तुमच्या भावाने जे केले तेच मीही जर्मनीहून परत आल्यावर पहिल्या वर्षी केले होते, म्हणून सविस्तर लिहितो. तिकडे हीटरजवळचा झडपेचा नळ सुमारे ३ अंशांवर आपोआप उघडून पाणी सोडून देतो, त्यामुळे पाणी काढण्याचा संबंध थंडीशीच आहे असे आपल्या मनात बसते. आपल्याकडे थंडीची जागा दमट हवा घेते. जून ते सप्टेंबर बंद गाडीत साचलेल्या पाण्याला बुळबुळीत थर धरतो, आणि तो टाकीपेक्षा नळ्यांमध्ये अधिक असतो. म्हणून ते पाणी आईवडिलांना प्यायला तर नकोच, भांडी धुवायलाही वापरू नका.

टाकी रिकामी करून, पुन्हा भरताना १०० लिटर पाण्यात ५ टक्के तीव्रतेचे, सुगंध नसलेले सोडियम हायपोक्लोराइट १०० मिली मिसळावे. नंतर प्रत्येक नळ, गरम पाण्याचासुद्धा, क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडावा, चार तास तसेच ठेवावे आणि वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन घ्यावे. पाण्याचा फिल्टर बसवलेला असेल तर हे करताना त्याच्या आतली गाळणी (कार्ट्रिज) काढून ठेवावी.

आता ज्या बिघाडाने मला खरा त्रास दिला तो सांगतो. गगनबावड्याला मुक्कामी असताना रात्री सगळे नळ बंद होते, तरी पंप दर काही मिनिटांनी क्षणभर ‘गुर्र’ करून थांबत होता. हा पंप नळीतला दाब कमी झाला की स्वतः सुरू होतो, म्हणजे पाणी कुठेतरी जात होते. सकाळी सिंकखालचे कप्पे रिकामे करून कोरडा कागदी रुमाल एकेका सांध्याभोवती धरला, तेव्हा नळाकडे जाणाऱ्या होजच्या क्लिपपाशी तो ओला झाला. क्लिप जेमतेम अर्धा फेरा आवळायची होती. पण तोवर खालचे प्लायवूड फुगून कप्प्याचे दार बंद होईनासे झाले होते. ती बाजू सुताराकडून नवी करून घ्यावी लागली.

गॅसबद्दल मात्र थोडीही सवलत देऊ नका. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर तो तळाशी साचतो आणि म्हणून सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारे भोक ठेवलेले असते. झुरळे आत येतात म्हणून त्यात कापडाचा बोळा कोंबणारी माणसे मी पाहिली आहेत. रबरी होजवर छापलेली मुदत तपासा. आपल्याकडची सुरक्षा होज पाच वर्षांनी बदलायची असते. सांध्यांना साबणाचे पाणी लावा आणि बुडबुडे दिसले तर शेगडी पेटवू नका.

बॅटरी लेड-ॲसिड असेल तर काहीही चालू नसताना काही तास ठेवून मोजलेला दाब १२.७ व्होल्टच्या आसपास असला म्हणजे ती भरलेली आहे, १२.१ म्हणजे निम्मी. निम्म्याच्या खाली वारंवार उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते.

शौचालयाच्या कॅसेटच्या, म्हणजे खालच्या काढता येणाऱ्या मैल्याच्या टाकीच्या, झडपेची रबरी गादी वाळली असेल तर व्हॅसलीन लावू नये, त्यासाठीचा सिलिकॉन स्प्रे लावावा. कॅसेट ओढ्यात किंवा शेताच्या बांधाला कधीही रिकामी करू नये.

*

आदरणीय काका,

आपली मेल भावाला फोनवर वाचून दाखवली. सिलिंडरच्या कप्प्याच्या भोकात खरोखरच चिंधी निघाली, ती त्याने काढली. फ्रिज गॅसवरचा आहे. घाटात वळणांवर तो कलंडला तर बिघडेल का?

*

सप्रेम नमस्कार.

चिंधी निघाली हे वाचून जीव भांड्यात पडला.

चालत्या गाडीत कल सतत बदलत राहतो, त्यामुळे घाटाने फ्रिज सहसा बिघडत नाही. मात्र गाडी धावत असताना तो गॅसवर ठेवू नका, १२ व्होल्टवर चालवा. जपायचे आहे ते मुक्कामाला. गॅसच्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो, अमोनिया आणि पाणी आपल्या वजनाने उतरत फिरते, म्हणून उतारावर तासन्‌तास उभी केलेली गाडी त्याला मानवत नाही. चाकाखाली फळी सरकवून गाडी समपातळीत घ्या. प्रवास संपल्यावर फ्रिजचे दार किंचित उघडे ठेवले की आत बुरशी धरत नाही.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी टाकी भरून पंप चालू करा, सगळे नळ बंद करा आणि अर्धा तास गाडीत कोणाशीही न बोलता बसा. पंप एकदाही बोलला नाही तर सकाळी खुशाल निघा.