२३ एप्रिल १६१६ : तारीख एक, दिवस दोन?

प्रश्न : दिनविशेषांचा तक्ता करतोय. शेक्सपियर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हान्टिस दोघेही २३ एप्रिल १६१६ला गेले असं वाचलं. एकाच नोंदीत घेऊ का?

प्रतिसाद : नको. स्पेनने १५८२मध्येच ग्रेगोरियन कालगणना (आजचं आपलं कॅलेंडर) स्वीकारली, इंग्लंड १७५२पर्यंत आधीच्या ज्युलियनवर होतं. तेव्हाचा फरक १० दिवसांचा, म्हणजे शेक्सपियरचा मृत्यू स्पेनच्या हिशेबाने ३ मेचा. शिवाय सर्व्हान्टिस २२लाच वारले; २३ ही दफनाची तारीख.

प्रतिसाद : फरक सरसकट १० धरू नका, हमखास चूक तिथेच होते. १७००च्या फेब्रुवारीनंतर ११, १८००च्या नंतर १२, १९००च्या नंतर १३. कारण ही वर्षं ज्युलियनमध्ये लीप, ग्रेगोरियनमध्ये नाहीत. म्हणूनच रशियातली ‘ऑक्टोबर’ क्रांती ज्युलियनप्रमाणे २५ ऑक्टोबर १९१७ची, पण आपल्या कॅलेंडरवर ७ नोव्हेंबरची. मूळ तारीख, कालगणना, रूपांतरित तारीख असे तीन रकाने ठेवाच. इंग्लंडची जुनी नोंद १ जानेवारी ते २४ मार्चमधली असेल तर सालही तपासा; तिथे नवं वर्ष २५ मार्चला लागायचं.

प्रतिसाद : चौथा रकाना स्थानिक वेळेचा हवा. जपानी सैन्य मलायात (आजचा मलेशिया) कोटा भारूला उतरलं ८ डिसेंबर १९४१ला, हवाईतल्या पर्ल हार्बरवर हल्ला ७ला, दोन्ही तारखा तिथल्या स्थानिक. प्रत्यक्षात कोटा भारू सुमारे तासभर आधी!